गाण्यांच्या चिठ्ठ्या

फराळाच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायला आमच्या भगिनी कधी चुकत नाहीत. पण त्याच घरातल्या संगणकात तीन-चार हजार गाणी पडलेली असतात, त्यांच्या चिठ्ठ्या कोणी वाचल्या आहेत काय? वाचाच एकदा! 'ट्रॅक 07', 'गायक अज्ञात'. ग. दि. माडगूळकर तर एकटेच. पण कुठे 'गदिमा', कुठे 'जी. डी. माडगूळकर' अशा नावांनी ते वावरतात, आणि यंत्र बिचारे प्रत्येक नावाला वेगळे बिऱ्हाड थाटून देते.

दोष मूळ चिठ्ठीतच आहे. एमपीथ्री गाण्याला माहिती जोडण्याची पद्धत 1996 साली निघाली, तिच्यात जागा अवघी 128 बाइटांची. गाण्याचे नाव 30 रोमन अक्षरांत बसवायचे, गायकाचेही तितक्यातच. गीतप्रकारांची यादी होती 80 नावांची. तीत ना भावगीत, ना नाट्यगीत! आणि संगीतकाराला व कवीला स्वतंत्र रकानाच नव्हता. 1998 साली पुढची पद्धत आली, तिने दोघांनाही रकाने दिले. ते भरतो कोण? म्हणून आज घरातल्या मुलाला 'हे गाणे कोणाचे?' असे विचारले, की तो गायकाचे नाव सांगतो आणि थांबतो. ज्याने शब्द लिहिले, तो त्याच्या लेखी जन्मलाच नाही.

गायकाचे नाव तरी बरोबर असते म्हणावे, तर तसेही नाही. गीतरामायणाचेच घ्या. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून त्यातली 56 गीते निरनिराळ्या गायक-गायिकांनी सादर केली; पुढे सुधीर फडके यांनी ती स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. सगळ्यांवर फडक्यांचेच नाव घातले, की माणिक वर्मांचा आवाज त्यांच्या खात्यावर जमा! 'साधी माणसं' या 1965 सालच्या चित्रपटाचे संगीतकार 'आनंदघन' म्हणजे लताबाईच. रकान्यात त्यांनी घेतलेले नाव ठेवावे, खुलासा टिपणात करावा. सालाचे म्हणाल तर ते बहुधा सीडीचे असते, गाण्याचे नव्हे.

कामाला लागण्यापूर्वी सगळ्या संग्रहाची एक प्रत वेगळी काढून ठेवा. मग प्रत्येक नावाचे एकच रूप ठरवा. 'एमपीथ्रीटॅग' या प्रोग्रॅममध्ये शंभर गाण्यांवरचे नाव एका फटक्यात सुधारता येते. 'पिकार्ड' हा दुसरा प्रोग्रॅम गाण्याचा ध्वनी ताडून नाव सुचवतो. सूचना चांगली, पण ती जुन्या तबकडीच्या वेष्टनाशी किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीशी पडताळून मगच स्वीकारावी. आजोबांना हे काम सांगून पाहा, दुपारची झोपसुद्धा विसरतील!

कवीचे नाव नक्की कळले नाही, तर रकाना कोरा ठेवावा. अंदाजाने लिहिलेले नाव गाण्याबरोबर भाचरांच्या फोनवर जाते, आणि तिथे ते खरेच समजले जाते.