अंगण खरोखरच वाकडे आहे

दुबईच्या अल मनखूलमध्ये सकाळचे पावणेआठ वाजतात तेव्हा मुंबईत सव्वानऊ होतात आणि शेअर बाजार उघडतो. ऑफिसला निघण्याआधी ऑप्शन्सचे दोन सौदे करायचे आणि दुपारी दोनला बाजार बंद व्हायच्या आत आणखी दोन. आखातातल्या मराठी नोकरदाराला ही वेळ फारच सोयीची. तोटा झाला की सल्लाही तयार असतो: "स्ट्रॅटेजी बरोबर होती, तुझं मन कच्चं पडलं. भावनांवर ताबा ठेव, ध्यान कर, ट्रेडिंगची डायरी लिही."

माझे भांडण या सल्ल्याशी आहे.

भीती आणि हाव खरी आहे, यात वाद नाही. तोट्यातला सौदा आपण 'येईल वर' म्हणत धरून ठेवतो आणि नफ्यातला घाईने विकून टाकतो. पण मन कितीही शांत ठेवले तरी डाव बदलत नाही. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा असतो. त्यातून ब्रोकर, एक्स्चेंज आणि सरकार यांचा वाटा गेला की खेळणाऱ्यांची एकूण बेरीज शून्याच्याही खाली जाते.

सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास पाहा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत १ कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. खर्च वजा जाता एक लाखाच्या वर नफा मिळाला तो जेमतेम १ टक्का लोकांना. २०२३-२४ मध्ये खर्च धरण्याआधी प्रोप्रायटरी ट्रेडर्सनी सुमारे ३३ हजार कोटी कमावले आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी. त्यांचा बहुतेक नफा अल्गोरिदममधून आला. तुमच्या समोर बसलेल्या त्या यंत्राला भीती वाटत नाही आणि ध्यानही करावे लागत नाही.

मग शंभरातल्या त्र्याण्णव जणांचे मन कच्चे होते, असे मानायचे का? 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपण ऐकत आलो. इथे अंगण खरोखरच वाकडे आहे आणि दोष मात्र नाचणाऱ्याला दिला जातो. त्यातून फायदा कुणाचा होतो? हरलेला माणूस खेळ सोडत नाही, स्वतःला सुधारायला पुढचा कोर्स विकत घेतो. त्याच अभ्यासात असेही दिसले, की सलग वर्षे तोटा होऊनही तीनचतुर्थांशाहून अधिक लोक खेळतच राहिले.

आपल्यासाठी यात धोका अधिक आहे. अमिरातीत नोकरी गेली की व्हिसाही जातो. आपल्याला इथे सरकारी पेन्शन नाही. हाताशी असते ती ग्रॅच्युइटी: पहिली पाच वर्षे दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. काही जण गावाकडच्या वडिलांच्या नावावरच्या डिमॅट खात्यातून ट्रेडिंग करतात. तिथे झालेला तोटा तर घरात कुणाला कळतही नाही.

म्हणून शिस्त हवीच, पण ती सौद्यात शिरण्याआधीची. आज एकच करा. वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स काढा, ब्रोकरेज आणि सर्व कर धरून बेरीज करा आणि ती रक्कम एनआरई मुदत ठेवीच्या व्याजाशेजारी लिहा. मग तो कागद घरच्यांना दाखवा. दाखवायची लाज वाटली, तर खाते बंद करा.