इंजिन दुसरं मिळेल, पण नंबरचं काय? मालेगावच्या जुन्या गाडीचा न दिसणारा खर्च

मालेगाव म्हटलं की बहुतेकांना नाशिकचं आठवतं. तिथल्या गाड्या एमएच-४१. इथे विषय आहे तो वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावचा, म्हणजे एमएच-३७ चा. गाडी फारच जुनी असेल तर तिच्यावर अकोल्याचा एमएच-३० ही सापडेल, कारण १ जुलै १९९८ पर्यंत वाशीम हा अकोल्याचाच भाग होता.

अकोला-वाशीम-हिंगोली रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावात आजही टवेरा, सुमो, इंडिका, पहिल्या पिढीची डिझेल स्विफ्ट दिसते. आणि अशा गाडीचं इंजिन बसलं की मालकासमोर एकच प्रश्न उभा राहतो : इंजिन बांधायचं, की कुठूनतरी जुनं चालू इंजिन आणून टाकायचं?

दुसरा पर्याय सोपा वाटतो. दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. मिस्त्री सांगतो, ‘माल चांगला आहे, अपघाताच्या गाडीचा आहे, फार चाललेला नाही.’ पैसे दिले, इंजिन बसलं, गाडी सुरू झाली. अडचण इथून पुढे सुरू होते. कधी दोन वर्षांनी, कधी पाच.

हा प्रश्न आत्ताच का?

कारण जुनी गाडी ठेवायची की काढायची याचं गणित २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी बदललं. १५ वर्षं झालेल्या खासगी कारची नोंदणी दर ५ वर्षांनी नव्यानं करावी लागते. १ एप्रिल २०२२ पर्यंत त्याची फी ६०० रुपये होती, ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळा दर लावला : कारला १०,००० रुपये, मोटारसायकलला २,०००. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कारवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस यावरून १८ टक्क्यांवर आला. सुट्या भागांवरही आता सरसकट १८ टक्के आहे. म्हणजे नवी गाडी थोडी स्वस्त, जुनीचे भागही थोडे स्वस्त आणि जुनीची नोंदणी महाग. तरीही नव्या गाडीचा हप्ता सोयाबीनच्या भावावर अवलंबून असलेल्या घराला परवडतोच असं नाही. म्हणून इंजिन बदलून गाडी आणखी पाच-सात वर्षं ओढायचा विचार चुकीचा नाही. तो कसा करायचा, एवढाच प्रश्न आहे.

इंजिनं बसतात कशी, हेही जाता जाता. समृद्धी महामार्ग मालेगाव तालुक्यातूनच जातो आणि त्यावर कारला १२० किलोमीटरपर्यंत वेग चालतो. पंधरा वर्षांची गाडी गावातल्या रस्त्यावर कधी तापत नाही, पण एप्रिल-मेच्या उन्हात तासभर शंभरच्या वेगानं पळवली की अर्धवट चोंदलेला रेडिएटर आणि कूलंटऐवजी घातलेलं साधं पाणी आपला रंग दाखवतं. तापमानाचा काटा वर जातोय हे बघूनही ‘पुढच्या इंटरचेंजला थांबू’ म्हटलं की हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि कधी पिस्टनही चिकटतो.

नंबर कुठे असतो?

इथे सगळी मेख आहे. इंजिन नंबर ठोकलेला असतो तो ब्लॉकवर. हेडवर नाही, टर्बोवर नाही, पंपावर नाही. म्हणजे हेड बदललं, पिस्टन-रिंग बदलल्या, बोअर मारून घेतला, लायनर टाकले, क्रँक ग्राइंड केला तरी तुमच्या गाडीची ओळख तीच राहते. आरटीओला काही कळवायची गरज पडत नाही.

ब्लॉक बदलला की ओळख बदलली. अनेकांचा गैरसमज असतो की पूर्ण इंजिन बदललं तरच नोंद करावी लागते, ‘हाफ इंजिन’ला नाही. पण हाफ इंजिन म्हणजे ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन. नंबर त्याच्याबरोबरच येतो.

म्हणून ब्लॉक शाबूत असेल तर आपलंच इंजिन चांगल्या लेथवर नेऊन बांधून घेणं हा पर्याय आधी तपासावा. त्याला वेळ लागतो, मिस्त्री बरेचदा टाळतो आणि ‘बांधलेलं इंजिन टिकत नाही’ असंही ऐकवलं जातं. काम वाईट झालं तर टिकत नाही, हे खरं. पण जुन्या बाजारातल्या इंजिनाची आतली अवस्था कुणालाच माहीत नसते. तुमच्या इंजिनाची मात्र उघडल्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजता येते. ब्लॉकला तडा गेला असेल, कनेक्टिंग रॉड बाहेर आला असेल, तेव्हाच दुसऱ्या इंजिनाकडे वळण्यात अर्थ आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२. आरसीवर लिहिलेल्या तपशिलाशी गाडी जुळणार नाही असा कोणताही बदल मालकानं करायचा नाही. इंजिन नंबर हा त्या तपशिलाचाच भाग. त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन पूर्वपरवानगीशिवाय बदलण्याची मुभा कायद्यात आहे, पण ती कुणाला देता येते? किमान १० व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकाला, तीही केंद्रानं घातलेल्या अटींवर. एका स्विफ्टच्या किंवा एका टवेराच्या मालकाला नाही. त्यानं आधी नोंदणी प्राधिकाऱ्याची, म्हणजे वाशीमच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यायची, मग इंजिन बसवायचं आणि बदल झाल्यापासून १४ दिवसांत कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेशी बोलून तिची लेखी संमती घेणं आलंच.

क्रम उलटा झाला तर? २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात सांगितलं की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येणार नाही. थोडक्यात, तशाच इंजिनाच्या जागी तसंच इंजिन परवानगीनं चालेल, पण इंडिकामध्ये भलतंच मोठं इंजिन बसवायचा हौशी प्रयोग चालणार नाही.

प्रत्यक्षात रस्त्यावरचा पोलीस बॉनेट उघडून नंबर बघत नाही, आणि लोक निर्धास्त राहतात ते यामुळेच. नंबर बघितला जातो तो तीन वेळा : १५ वर्षांनी फेरनोंदणीच्या तपासणीत, अपघातानंतर विमा सर्व्हेअर येतो तेव्हा आणि गाडी विकताना. विम्याच्या पॉलिसीवर इंजिन नंबर छापलेला असतो. गाडीत तो सापडला नाही तर दावा अडकवायला कंपनीला आयतं कारण मिळतं. काळी-पिवळी किंवा टुरिस्ट परवान्याची गाडी असेल तर थांबायलाही नको, कारण आठ वर्षांनंतर तिचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं.

एचएसआरपी पाटीमुळे या गोंधळात भर पडलीय. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती पाटी लावण्याची मुदत महाराष्ट्रात २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा वाढवली गेली. नोंदणी करताना चासी आणि इंजिनचा नंबर भरावा लागतो, आणि तो जुळवला जातो सरकारी नोंदीशी. आरसीवरचा नंबर टाकला की अर्ज पुढे सरकतो, गाडीत कोणतं इंजिन आहे हे वेबसाइटला दिसत नाही. त्यामुळे पाटी मिळाली म्हणजे इंजिनाची नोंद बरोबर आहे, असा अर्थ काढू नका.

हे इंजिन येतं कुठून?

चांगल्या वाटा आहेत. अपघातात ‘टोटल लॉस’ ठरलेल्या गाड्या विमा कंपन्या लिलावात विकतात. मालकानं आरसी रद्द करून मोडीत काढलेल्या गाड्या असतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी इथे असा माल वर्षानुवर्षं फिरतो.

वाईट वाटाही आहेत. उत्तर प्रदेशात मेरठचा सोतीगंज हा बाजार चोरीच्या गाड्या कापण्यासाठी देशभर बदनाम होता. २०२१ च्या डिसेंबरमध्ये पोलीस कारवाईनंतर तो बंद पडला. चोरीचं इंजिन तुमच्या गाडीत सापडलं तर ते मुद्देमाल म्हणून जप्त होतं आणि मग गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहते. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘तसं वाटायला कारण’ हे शब्द महत्त्वाचे. बिल नाही, नंबर घासलेला आहे आणि भाव बाजारापेक्षा निम्मा, एवढं कारण पुरतं.

म्हणून पैसे देण्याआधी इंजिन नंबरचा फोटो मागवावा आणि ज्या गाडीतून ते काढलं तिच्या आरसीची किंवा नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची प्रतही. एनसीआरबीच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत गाडी, चासी आणि इंजिनचा नंबर टाकून ती चोरीच्या नोंदीत आहे का, हे सामान्य माणसालाही बघता येतं. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्यावा, नुसतं ‘जुने इंजिन १ नग’ नको. हेच बिल पुढे आरटीओत लागतं. दुकानदार यातल्या कशालाही तयार नसेल तर तिथून उठलेलं बरं.

‘सेम मॉडेल’ म्हणजे सेम नाही

डिझेल स्विफ्टचं उदाहरण घ्या. तिचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन मूळ फियाटचं. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते बनलं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, तरी जुन्या बाजारात हे इंजिन सहज मिळतं. पण व्हिस्टाचं इंजिन स्विफ्टमध्ये तसंच्या तसं बसत नाही. माउंटिंग, वायरिंग, ईसीयू, सगळं कंपनीनुसार वेगळं.

आणखी एक बारकावा बरेच मिस्त्रीही विसरतात. बीएस-४ चे नियम एप्रिल २०१० मध्ये मुंबई-पुण्यासह मोजक्या मोठ्या शहरांत लागू झाले. देशभर ते यायला एप्रिल २०१७ उजाडलं. मधल्या काळात एकाच मॉडेलच्या शहरात बीएस-४ आणि वाशीमसारख्या जिल्ह्यात बीएस-३ अशा दोन आवृत्त्या विकल्या गेल्या असू शकतात. कुर्ल्याहून आलेलं इंजिन दिसायला तेच, पण त्याचे सेन्सर नि ईजीआर वेगळे. शिवाय कॉमन-रेल इंजिनात प्रत्येक इंजेक्टरचा कोड ईसीयूत भरावा लागतो. तो भरला नाही तर गाडी धूर टाकते आणि दोष ‘जुन्या मालावर’ जातो.

इंजिन सुरू करून दाखवणार असतील तर ते पूर्ण थंड असताना बघावं, आधीच गरम करून ठेवलेलं नको. ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभका वाफ येते का, ऑइल चहासारखं दुधाळ आहे का, चेन खडखडते का, हे ऐकू-दिसू शकतं. कॉम्प्रेशन मात्र गेज लावूनच कळतं. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत.

टवेराच्या मालकांची गोष्ट वेगळी. जनरल मोटर्सनं २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं, त्यामुळे जुन्या मालावरचं अवलंबित्व जास्त. याच टवेराचा इंजिन-बदलाशी एक विचित्र संबंध आहे. जुलै २०१३ मध्ये कंपनीनं १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या होत्या. तपासणीला पाठवायच्या गाड्यांत कमी धूर सोडणारी निवडक इंजिनं बसवली जात होती, हे त्या प्रकरणात समोर आलं. नंबर आणि इंजिन यांच्या नोंदी सरकार इतक्या गांभीर्यानं का घेतं, हे त्यावरून कळतं.

आणि बॉक्सर?

मालेगावात बॉक्सर म्हटलं की बजाजची मोटारसायकल आठवते. तिच्या एकाच सिलिंडरच्या इंजिनाचा या प्रकाराशी संबंध नाही. खऱ्या बॉक्सर इंजिनात सिलिंडर आडवे, समोरासमोर झोपलेले असतात. भारतात असं इंजिन मिळालं, उदाहरणार्थ, जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये आणि सुबारूनं बनवलेल्या शेव्हर्ले फॉरेस्टरमध्ये. त्याला हेड दोन, म्हणजे गॅस्केटही दोन, आणि तशा गाड्याच इतक्या कमी की जुनं इंजिन शोधणं हेच मोठं काम. बीटलवाल्यांना आणखी एक अट सांभाळावी लागते. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपुढची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची असेल तर चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. तिथे भलतं इंजिन टाकलं तर नुसता दंड नाही, ‘व्हीए’ मालिकेची पाटीच हुकते.

शेवटी गाडी मोडीत काढायचं ठरवलं तरी नोंदी लागतातच. २०२१ च्या नियमांनुसार अधिकृत स्क्रॅपिंग केंद्राला गाडी घेताना ‘वाहन’ पोर्टल आणि चोरीच्या नोंदी तपासाव्या लागतात. सगळं जुळलं तर ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं. त्यावर नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे.