आवडले ते सांगावे कसे?



एखादे पुस्तक वाचून संपवावे, दिवा मालवावा आणि तरीही ते मनातून जाऊ नये, असा अनुभव आपणांपैकी पुष्कळांना आला असेल. अशा वेळी पहिली इच्छा होते ती कोणाला तरी सांगण्याची. गाणे असो वा चित्रपट, आनंद दुसऱ्याला दिल्यावाचून तो पुरता आपलासा होत नाही. परंतु तो द्यावा कसा, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

माझ्याच हातून घडलेली एक चूक येथे सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका स्नेह्यांना मातृवियोग झाला. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ‘श्यामची आई’ हे माझे अत्यंत आवडते पुस्तक. सांत्वनाला याहून चांगले काय असणार, असे वाटून ते मी त्यांच्याकडे धाडून दिले आणि पुढे दोनदा “वाचलेत का?” असे विचारलेही. सहा महिन्यांनी भेट झाली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “पुस्तक थोर आहे, हे का मला ठाऊक नव्हते? पण त्या दिवसांत ते माझ्याने उघडवले नाही. उघडले नाही याची टोचणी लागली, म्हणून तुमच्याकडे येणेही टाळले.” मी पुस्तकाचा विचार केला होता, स्वतःच्या आवडीचा केला होता, ज्यांच्या हाती ते जायचे होते त्यांचा केला नव्हता.

याउलट, जाणत्याने योग्य वेळी सांगितलेला एक शब्द किती दूर जाऊ शकतो, हे पाहण्यासारखे आहे. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अंतराळात सोडली. पृथ्वीवरील संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी त्यांसोबत होती. निवड करणाऱ्या मंडळींचे प्रमुख होते खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन. देशोदेशीच्या संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी त्यांना गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी सुचविली. ती ध्वनिमुद्रिका तेव्हा बाजारात मिळेनाशी झाली होती. शोधता शोधता ती न्यू यॉर्कमधील एका भारतीय दुकानात सापडली. जेमतेम साडेतीन मिनिटांचे ते गाणे. पण त्या तबकडीवरील भारताचे संगीत म्हणजे तेवढेच. याने निघाली ती ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये, आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. एका रसिकाने ‘हेच घ्या’ म्हणून सांगितले नसते, तर तो स्वर त्या वाटेला लागला असता का?

चित्रपटाचे उदाहरण घ्या. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ ऑगस्ट १९५५ मध्ये कलकत्त्यात लागला, तेव्हा आरंभी गर्दी बेताचीच होती. ज्यांनी पाहिला त्यांनी इतरांना सांगितले, आणि पाहता पाहता चित्रगृह भरू लागले. कान येथील महोत्सवातील सन्मान त्यानंतरचा, १९५६ सालचा.

आणि भाषेची भिंत ओलांडून सांगणारा अनुवादक, तो तर शिफारस करणाऱ्यांचा मुकुटमणीच! मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, म्हणून बंगाली न जाणणारी कुटुंबे त्या वाचू शकली. वि. स. खांडेकरांचे साहित्य का. श्री. श्री. यांनी तमिळमध्ये नेले आणि त्यांना तेथे घरोघर वाचक लाभले. ज्यांचे घर मराठी पण शेजार कन्नड, हिंदी वा तेलुगू आहे, अशा आपल्या असंख्य वाचकांना हे काम नित्य करता येण्याजोगे आहे.

आज भ्रमणध्वनीवरून एखादे गाणे शंभर जणांना धाडणे हे क्षणाचे काम झाले आहे. पण शंभरांना धाडलेले बहुधा कोणालाच धाडलेले नसते. म्हणून तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

पहिली, एका वेळी एकच माणूस डोळ्यांसमोर आणावा. त्याचे दिवस सध्या कसे चालले आहेत, त्याला निवांतपणा आहे का, हे पाहावे.

दुसरी, ‘अप्रतिम आहे’ एवढ्यावर थांबू नये. प्रवेशाची वाट दाखवावी. केसरबाईंचे गाणे सुचवायचे तर सांगावे, “शब्दांमागे जाऊ नका, मोकळा आकार कसा लावतात तेवढे प्रथम ऐका.” ‘पथेर पांचाली’ सुचवायचा तर आधीच सांगावे, “गती संथ आहे, पहिली वीस मिनिटे धीर धरा.” उणे लपविले नाही, म्हणजे अधिकावर विश्वास बसतो.

तिसरी, आणि हीच सर्वांत अवघड: सांगून झाल्यावर गप्प राहावे. आवडीची वसुली करू नये. उलट “तुम्ही अलीकडे काय वाचलेत?” असे विचारावे आणि त्यांनी सुचविलेले आपण आधी वाचावे.

गेल्या दिवाळीत त्याच स्नेह्यांनी ‘श्यामची आई’ची माझी प्रत परत आणून दिली. ते गेल्यावर मी ती चाळली. मधल्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. मी त्याविषयी अद्याप काही विचारलेले नाही, आणि विचारणारही नाही.

या आठवड्यात आपणही एकच नाव निवडा, आणि ते एकाच माणसाला, त्याचा विचार करून, कळवा.