चमकतंय भारी, पण पाणी कुठलं?

प्रोजेक्टचा सीझन आला की केमिस्ट्रीवाल्यांकडे लिंबांना भाव येतो. लिंबाचा रस, थोडा युरिया, मायक्रोवेव्हमध्ये काही मिनिटं. तपकिरी द्रव गाळून ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली धरला की निळाशार चमकतो. हे कार्बन डॉट्स, दहा नॅनोमीटरहून लहान कण. २००४ साली अमेरिकेत कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करताना ते अपघातानंच सापडले. पहिल्यांदा बघताना भारी वाटतं, खोटं कशाला बोला. फोटो लगेच स्टेटसला जातो.

मग त्यात लोखंडाचे फेरिक आयन टाकायचे. चमक मंदावते. किती मंदावली, त्यावरून लोखंड किती ते काढायचं. पारा असो की दुधातलं टेट्रासायक्लिन, तत्त्व साधारण हेच. ग्राफ सरळ आला की प्रोजेक्ट संपला.

माझा आक्षेप इथेच आहे. हे सगळं आपण डिस्टिल्ड वॉटरमध्ये करतो. ‘रिअल सॅम्पल’ म्हणून लॅबच्या नळाचं पाणी घेतलं, तरी त्यात लोखंड आपणच मोजून घालतो आणि तेवढंच सापडलं म्हणून खूश होतो. आपणच लपवायचं नि आपणच शोधायचं! खऱ्या विहिरीच्या पाण्यात गाळ असतो, कुजलेल्या पाल्याचा रंग असतो, पीएच वेगळा असतो. यातल्या कशानंही चमक कमी होऊ शकते. दुधात तर स्निग्धांश आणि प्रथिनं प्रकाश विखुरतात, तो घोळ वेगळाच.

चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्याहून जास्त वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर डाग पडतात, पुढे हाडं-सांधे आखडतात. आणि पाणी दिसायला अगदी नितळ! तिथल्या बाईला ग्राफ नकोय, या हापशाचं पाणी पोराला द्यायचं की नाही एवढंच हवंय. जलजीवन मिशनमध्ये दर गावी पाच महिलांना साध्या टेस्ट किटचं ट्रेनिंग द्यायचं ठरलंय. आपल्या डॉट्सची स्पर्धा त्या किटशी आहे, दुसऱ्या पेपरशी नाही.

फ्लोराइडसाठी युक्ती उलटी असते. धातूच्या आयननं आधी चमक विझवायची, मग फ्लोराइडनं तो धातू ओढून घेतला की ती परत येते. पण निळं किती उजळलं हे नुसत्या डोळ्याला सांगता येत नाही. निळ्याचं लाल झालं तर कुणालाही कळतं. म्हणून दोन रंगांच्या सेन्सरवर डोकं खपवावं, असं मला वाटतं. आणखी एक लिंबू, आणखी एक साल, पुन्हा तोच निळा उजेड, हे आता पुरे.

सुट्टीत गावी जाल तेव्हा हापशाचं पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून आणा. अर्धं आपल्या डॉट्सवर तपासा, अर्धं जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. आकडे जुळले नाहीत, तर तेही रिपोर्टमध्ये लिहा. गाईड कुरकुरतील थोडे.