रक्तविभाजन व प्रकाशचिकित्सा : उज्जैनकरांनी करावयाचा विचार



सन २०२८ चा सिंहस्थ जवळ येत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुले झाल्यापासून क्षेत्री येणाऱ्या भाविकांची संख्या पूर्वीपेक्षा फार वाढली आहे. रस्ते, घाट, पूल व निवासस्थाने यांची चर्चा गावात रोज होते. आरोग्याची चर्चा मात्र बहुधा इमारती आणि खाटा यांच्यापाशीच थांबते. रुग्णालयाच्या आत आज कोणती विद्या वापरली जाते आणि ती चालू राहावी म्हणून सामान्य नागरिकाने काय द्यावयाचे असते, हा विषय मागे राहतो. म्हणून या लेखात रक्ताचे घटक वेगळे करणे आणि प्रकाशाने रोग बरा करणे या दोन विद्यांचा व त्यांच्या संगमाचा विचार आम्ही मांडीत आहोत.

प्रारंभीच आमचे मत सांगतो. या दोन्ही विद्यांचा प्राण मोजमापात आहे. रक्त उपयोगी पडते ते ठरलेल्या मुदतीत, आणि प्रकाश औषध होतो तो ठरलेल्या मात्रेत. आपली सेवाभावना मोठी आहे, परंतु तिला मुदतीचे आणि मात्रेचे भान अजून पुरेसे आलेले नाही.

एका पिशवीचे तीन भाग

रक्तदात्याकडून साधारणतः ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते. पूर्वी ती पिशवी जशीच्या तशी एका रुग्णास दिली जाई. आता ती अपकेंद्री यंत्रात वेगाने फिरवितात. तांबड्या पेशी जड असल्याने तळाशी बसतात, पिवळसर प्लाझ्मा वर राहतो आणि दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स यांचा पातळ थर येतो. अशा रीतीने एका दात्याचे रक्त तीन रुग्णांच्या कामी येऊ शकते. तांबड्या पेशी थॅलेसेमियाच्या बालकास किंवा प्रसूतीत रक्तस्राव झालेल्या मातेस, प्लेटलेट्स कर्करोगाच्या रुग्णास, तर प्लाझ्मा भाजलेल्या अथवा यकृताच्या रुग्णास उपयोगी पडतो.

तथापि या तीन भागांचे आयुष्य सारखे नाही. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सियस तापमानात ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा उणे ३० अंशांवर गोठवून वर्षभर ठेवता येतो. प्लेटलेट्स मात्र २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात व त्या अवघे पाच दिवस टिकतात. शिवाय रक्त घेतल्यापासून काही तासांतच त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

येथेच आपल्या उत्सवी रक्तदानाचा प्रश्न उभा राहतो. समजा, महाशिवरात्रीच्या दिवशी एकाच मंडपात तीनशे पिशव्या जमल्या. रक्तकेंद्राची यंत्रे व मनुष्यबळ मर्यादित असल्याने त्या सर्वांचे विभाजन वेळेत होईलच असे नाही. झाले तरी सहाव्या दिवशी त्यांतील एकही प्लेटलेट पिशवी वापरण्यायोग्य उरत नाही. दीड महिन्यानंतर तांबड्या पेशीही संपतात. त्या तीनशे दात्यांपैकी पुरुषांना ९० दिवस आणि स्त्रियांना १२० दिवस पुन्हा रक्त देता येत नाही. म्हणजे एका दिवशी सुकाळ आणि पुढे दुष्काळ! वैशाखात, लोक गावाला गेलेले असताना, आणि पावसाळ्याअखेर डेंग्यू पसरला असताना याच गावात नातेवाइकांना दात्यांसाठी वणवण करावी लागते.

प्रकाश औषध कसा होतो

आयुर्वेदात पांढऱ्या कोडावर बावचीचा उपयोग सांगितला आहे, आणि बावचीनंतर ऊन घेण्याची प्रथा आपल्या वाडवडिलांना माहीत होती. बावचीच्या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य असते. ते त्वचेत असताना विशिष्ट अतिनील किरण पडले तर त्याची क्रिया सुरू होते, अंधारात ते बहुतांशी स्वस्थ राहते. इजिप्तमध्येही अशाच गुणाची एक वनस्पती कोडासाठी वापरली जाई. तेथील वैद्य अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकाअखेर तिच्यातून काढलेल्या शुद्ध द्रव्याचा कोडाच्या रुग्णांवर प्रयोग केला. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथील डॉक्टरांनी सोरालेन व अतिनील-अ किरण यांची जोडी सोरायसिसवर यशस्वीपणे वापरली.

यापुढचे पाऊल येल विद्यापीठाचे डॉ. रिचर्ड एडेलसन यांनी टाकले. औषध आणि प्रकाश त्वचेवर देण्याऐवजी रक्तातील पांढऱ्या पेशींनाच दिला तर काय होईल, असा विचार त्यांनी केला. रक्तात पसरणाऱ्या त्वचेच्या एका लिम्फोमावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपचार केला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात, इतर उपचारांना न जुमानणाऱ्या ३७ रुग्णांपैकी २७ जणांना गुण आल्याची नोंद आहे. १९८८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. या उपचाराचे नाव फोटोफेरेसिस.

त्याची रीत अशी. रुग्णाच्या शिरेतून थोडेथोडे रक्त यंत्रात येते. तेथे ते फिरवून पांढऱ्या पेशींचा थर वेगळा काढतात, आणि तांबड्या पेशी व बहुतेक प्लाझ्मा रुग्णास परत देतात. वेगळ्या काढलेल्या पेशींत सोरालेन वर्गातील औषध मिसळून त्यांवर ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-अ किरण मोजून सोडतात. मग त्या पेशीही शरीरात परत जातात. किरण लागलेल्या पेशी पुढील काही दिवसांत मरतात. त्यांचे अवशेष गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना त्यातून एक प्रकारची शिकवण मिळते व चवताळलेली प्रतिकारशक्ती शांत होऊ लागते. एका वेळी शरीरातील थोड्याच पांढऱ्या पेशींना प्रकाश मिळतो, तरी परिणाम साऱ्या शरीरावर होतो. या उपचाराची सर्व अंगे अद्याप उलगडलेली नाहीत आणि संशोधन सुरू आहे.

आज त्याचा महत्त्वाचा उपयोग अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर होतो. दात्याच्या पेशी कधीकधी रुग्णाच्याच त्वचेवर, आतड्यांवर व यकृतावर हल्ला करतात. स्टिरॉइडने हा हल्ला आवरला नाही तर फोटोफेरेसिस हा एक मार्ग उरतो. प्रतिकारशक्ती सरसकट दडपणाऱ्या औषधांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, तसा तो या उपचाराने सहसा वाढत नाही, हा त्याचा मोठा गुण होय. भारतात ही सोय मोजक्याच केंद्रांत आहे, ती खर्चिक आहे व अनेक आठवडे पुनःपुन्हा घ्यावी लागते.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. आपल्या शेजारी इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात २०१८ साली अस्थिमज्जा प्रत्यारोपणास आरंभ झाला. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्याच प्रांतातील शहडोल येथून सुरू झाले. थॅलेसेमिया व सिकलसेल यांची बालके प्रत्यारोपणापर्यंत पोहोचू लागली की त्यांच्यामागून हे प्रगत उपचारही येणारच. परंतु प्रत्यारोपणाच्या रुग्णास कित्येक आठवडे प्लेटलेट्स व तांबड्या पेशी लागतात. त्या यंत्र निर्माण करू शकत नाही, त्या माणसानेच द्याव्या लागतात.

नवजात बालक आणि निळा दिवा

प्रकाशचिकित्सेचा जो प्रकार घरोघरी संबंधाचा आहे तो नवजात बालकांच्या काविळीचा. पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के व अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के बालकांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. बहुतेकांची ती आपोआप ओसरते. परंतु बिलिरुबिन फार वाढले तर ते मेंदूत शिरून कायमचे बहिरेपण वा अपंगत्व आणू शकते, प्रसंगी मृत्यूही ओढवतो.

इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ च्या सुमारास सिस्टर जीन वॉर्ड यांना दिसले की, उन्हात नेलेल्या एका बालकाची उघडी त्वचा फिकी झाली, मात्र चादरीने झाकलेला भाग पिवळाच राहिला. तेथेच उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यातील बिलिरुबिन उतरल्याचेही आढळले. यावरून डॉ. क्रेमर व सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये कृत्रिम प्रकाशाचा उपचार प्रसिद्ध केला. साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश बिलिरुबिनचे रूप असे पालटतो की ते पित्त व मूत्र यांवाटे बाहेर पडते. त्यापूर्वी अशा बालकाचे रक्त थोडेथोडे काढून दुसऱ्याचे रक्त भरणे हाच मुख्य उपाय होता. दिव्याने ती वेळ पुष्कळ अंशी टाळली.

आपल्याकडे मात्र अजूनही घरातील वडीलधारी मंडळी बाळंतिणीस सांगतात, ‘बाळाला कोवळ्या उन्हात धर, कावीळ जाईल.’ या सल्ल्यामागे माया आहे, पण मात्रा नाही. ऊन किती, किती वेळ, बाळ तापते आहे की गारठते आहे, बिलिरुबिन किती, यांपैकी काहीच मोजलेले नसते. नायजेरियात सूर्यप्रकाश गाळणाऱ्या पडद्याखाली, देखरेखीत बालकांवर उपचार करण्यात आले व ते दिव्याच्या तोडीचे ठरल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथेही प्रकाश गाळलेला आणि मोजलेला होता. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे की, जन्मापासून २४ तासांच्या आत कावीळ दिसली, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ दूध पिईना किंवा मलूल झाले, तर ऊन दाखवीत बसू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

नावाला भुलू नये

‘प्रकाशचिकित्सा’ हा शब्द आता बाजारातही आला आहे. रक्त शुद्ध करणारे दिवे व मनगटावर बांधावयाचे लेझरचे पट्टे मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सर्व रोगांवर विकले जातात. विकणाऱ्यास तीन प्रश्न विचारावेत : कोणत्या रोगावर, कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश, आणि कोणत्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली? उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेवावेत. बावचीही मनाने घेऊ नये. तिच्यावर ऊन लागून त्वचा भाजल्याची व पोटात घेतल्याने यकृतास अपाय झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, रक्तदानाचे पंचांग करावे. इच्छुक दात्यांचे चार गट करून प्रत्येक महिन्यास एका गटाची पाळी लावावी, आणि त्या गटानेही चार आठवड्यांत विभागून रक्तकेंद्रावर जावे. म्हणजे प्रत्येकाची पाळी चार महिन्यांनी येईल, स्त्री-पुरुष दोघांच्याही अंतराचा नियम पाळला जाईल आणि गावाला बारा महिने दर आठवड्यास ताजे रक्त मिळेल. उत्सवाचा दिवस नावनोंदणीसाठी ठेवावा. दाता १८ ते ६५ वर्षांचा, किमान ४५ किलो वजनाचा व १२.५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेला असावा, हा नियम सर्वांस ठाऊक असावा.

दुसरी गोष्ट, दुर्मिळ रक्तगटांची व अफेरेसिसने केवळ प्लेटलेट्स देऊ इच्छिणाऱ्यांची वेगळी यादी रक्तकेंद्राकडे असावी. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला. त्या गटाच्या रुग्णास हजारोंच्या गर्दीतील ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही, यादीतील एकच माणूस त्याला वाचवू शकतो.

तिसरी गोष्ट यंत्रदानाविषयी. आपले दाते रुग्णालयास यंत्र देतात, त्यावर नाव कोरतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी ते कोपऱ्यात पडते. काविळीचा दिवा जळतो आहे याचा अर्थ तो उपचार करतो आहे असा नव्हे. कालांतराने त्याचा प्रभाव उतरतो व तो मापकानेच कळतो. म्हणून ज्यास दिवा द्यावयाचा असेल त्याने मापक, बदलीचे दिवे आणि पाच वर्षांच्या देखभालीची रक्कमही द्यावी. तेवढे शक्य नसेल तर नवे यंत्र न देता जुन्याची देखभाल उचलावी. अशा दानास पाटी लागत नाही, परंतु ते अधिक बालकांना वाचविते.

शेवटी सिंहस्थाविषयी. मोठ्या गर्दीत अपघात झाला तर पहिल्या तासात उपयोगी पडते ते फडताळात आधीच तपासून ठेवलेले रक्त. घटनेनंतर रांगा लावणाऱ्यांचे रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, उपदंश आणि मलेरिया यांच्या तपासण्यांनंतरच देता येते. सिंहस्थाची खरी तयारी आजपासून दर आठवड्याच्या पाळीने होईल.

आपल्या गावात सवाई जयसिंहांची वेधशाळा आहे. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या काळात तिचा जीर्णोद्धार झाला. सूर्य सर्वांच्याच डोक्यावर तळपतो, पण सम्राट यंत्राच्या अंशांकित चापावर छाया पडते तेव्हाच वेळ कळते. ज्या गावाने काल मोजला, त्या गावाने सेवाही मोजून करावी, एवढीच विनंती. ज्यांना पाळीत नाव द्यावयाचे असेल त्यांनी आपल्या नजीकच्या परवानाधारक रक्तकेंद्रात ते द्यावे व आणखी एकास सोबत न्यावे.