महाड ओलांडून रायगड?

रायगडाकडे धावणाऱ्या आपल्या सहली महाडात थांबतात का? चहापुरत्या! सावित्रीकाठचे हे जुने बंदर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते येथेच. शिवरायांचा जयजयकार करायचा आणि त्या तळ्याकडे पाठ फिरवायची, ही कसली शिवभक्ती? पुढे रसायनांचे कारखाने आले. रोजगार मिळाला, किंमत सावित्रीने मोजली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पूल वाहून गेला, जुलै २०२१ मध्ये शहर बुडाले, तळिये दरडीखाली गेले. तरीही चिखल उपसून बाजारपेठ उभी राहिली. पोलादपुरी कवींद्र परमानंदांच्या समाधीपुढे, उमरठला तानाजींपुढे जरूर नतमस्तक व्हा. पण परतताना महाडच्या कारखानदारांना विचारा, सांडपाणी कोठे सोडता?