कावड कुणाच्या खांद्यावर?

मराठीतील वनभ्रमणपर ललित लेखनाविषयी आमची एक जुनी तक्रार आहे आणि ती आता सविस्तर मांडणे भाग आहे. या लेखनात माणसे रानात जातात, चार-चार दिवस राहतात, चांदणे पाहतात, रातव्याचा आवाज ऐकतात, अंतर्मुख होतात आणि परत येतात. पण ती जेवली काय, पाणी कुठले प्यायली, अंथरूण-पांघरूण कुणी वाहिले, पहिल्या मुक्कामापासून दुसरा किती अंतरावर होता आणि तो नेमका तिथेच का ठरला, याचा पत्ता संपूर्ण लेखात लागत नाही. लेखकाचे पाय जमिनीला लागतात की नाही, अशी शंका यावी इतके हे लेखन हलके असते. या हलकेपणालाच आपल्याकडे 'तरलता' म्हणण्याचा प्रघात आहे.

हा विषय निघण्याचे निमित्त अगदी व्यावहारिक आहे. अमरावती-अकोल्यातील आम्ही काही जण आणि आमचे विद्यार्थी मिळून पूर्णेच्या काठाने, आसेगावापासून गांधीग्रामपर्यंत, पाच दिवस पायी जाण्याचा बेत आखीत आहोत. नावेने का नाही, असे एका विद्यार्थ्याने विचारले. परदेशात लोक नदीतून आठ-आठ दिवस प्रवास करतात, रात्री काठावर राहुट्या टाकतात आणि जिथे धबधबा किंवा खडक आडवा येतो तिथे नाव खांद्यावर घेऊन पुढच्या पाण्यापर्यंत चालत जातात, हे त्याने वाचले होते. त्याचा प्रश्न बरोबर होता. उत्तर मात्र पूर्णेनेच द्यायचे आहे. पावसाळ्यात ती गढूळ आणि बेभरवशाची असते, दिवाळीनंतर तिची धार ओसरू लागते आणि उन्हाळ्यात तर डोहच शिल्लक राहतात. घुंगशी आणि नेरधामणा येथे नदीवर बॅरेज झाले आहेत. काठ उंच, गाळाचे, घळी पडलेले. अशा नदीवर नाव माणसाला वाहील त्यापेक्षा माणूसच नावेला अधिक वाहील. म्हणून पायी.

पण पायी जायचे तरी एक अडचण उरतेच, आणि ती वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला चटकन उमगणारी नाही. पूर्णेचे खोरे म्हणजे खारपाणपट्टा. येथे नदी शेजारी वाहत असली तरी विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. गोडे पाणी नळयोजनेचे, आणि तेही ज्या गावी ज्या दिवशी येईल त्या दिवशीचे. साधा हिशेब करू. पाच माणसे, स्वयंपाक धरून माणशी रोज 4 लिटर, आणि दोन दिवस पाण्याची शाश्वती नाही असे धरले, तर 40 लिटर, म्हणजे 40 किलो. हे फक्त पाणी. त्यावर तांदूळ, डाळ, ज्वारीचे पीठ, भांडी, पांघरुणे. अवेळी पाऊस झालाच तर पायाला चिकटणारी काळी माती वेगळी. अमेरिकेतल्या प्रवाशाला दोन पाण्यांच्या मधली भुई ओलांडण्यासाठी नाव वाहावी लागते. आम्हांला नदीच्या काठाने चालताना पाणीच वाहावे लागणार! हा विरोधाभास कुणा कवीला सुचलेला नाही, तो भूगर्भाने रचलेला आहे.

तेव्हा आम्ही साहजिकच आमच्या कपाटाकडे वळलो. मराठी माणूस पिढ्यानपिढ्या पायी फिरला, त्याने त्यावर लिहिले, तेव्हा शिध्याचा, पाण्याचा, मुक्कामाचा विचार कुठेतरी सापडेल, अशी अपेक्षा गैर नव्हती. गेल्या काही दशकांतल्या ललित लेखनात आम्हांला सापडली ती पहाट, धुके, मौन आणि 'आदिम' हे विशेषण. हे विशेषण तर आता इतके झिजले आहे की त्याच्या आरपार दिसते.

येथे कुणी थोरोचे नाव पुढे करील, म्हणून त्याचाच दाखला देतो. दुर्गाबाई भागवतांनी 'वॉल्डन' मराठीत आणले, आणि तेव्हापासून आपल्याकडे थोरो म्हणजे तळ्याकाठचा चिंतक. याच थोरोने मेन प्रांतातील अरण्यांत तीन प्रवास केले. त्यांतला 1857 चा प्रवास पेनॉब्स्कॉट जमातीच्या जो पोलिस या वाटाड्याबरोबर, भूर्जाच्या सालीच्या नावेतून, नाव आणि सामान खांद्यावर घेऊन टप्पे ओलांडीत झाला. त्याच्या मृत्यूनंतर 1864 मध्ये निघालेल्या 'द मेन वूड्स' या पुस्तकाला परिशिष्टे जोडलेली आहेत. त्यांत झाडांच्या आणि पक्ष्यांच्या याद्या आहेत, आणि एक यादी अशा प्रवासाच्या सरंजामाचीही आहे: बारा दिवसांसाठी काय न्यावे, किती न्यावे. टणक पाव 28 पौंड, डुकराचे मांस 16 पौंड, साखर 12 पौंड, आणि त्या मांसावर उतारा म्हणून सहा लिंबे. वाटाड्याची मजुरी दिवसाला दीड डॉलर, नावेचे भाडे निराळे. आपल्या प्राध्यापकवर्गाने 'वॉल्डन'मधला एकांत उचलला आणि ही सहा लिंबे मागे ठेवली. (वस्तुतः 'वॉल्डन'चे पहिलेच प्रकरण घराला किती खर्च आला याच्या हिशेबाने भरलेले आहे, पण त्याकडेही आपण रूपक म्हणूनच पाहतो.)

यावर 'हे पाश्चात्त्य बुद्धीचे हिशेबीपण आहे, आपली परंपरा अनुभूतीची आहे' असे उत्तर ठरलेले असते. ते आम्हांला साफ अमान्य आहे, आणि अमान्य करण्यासाठी आम्हांला अमरावती जिल्हा सोडण्याचीही गरज नाही. जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे त्या रिद्धपूरशी ज्यांचे नाते आहे त्या महानुभावांचा 'स्थानपोथी' हा ग्रंथ काय आहे? चक्रधरस्वामी कोणत्या गावी गेले, गावाच्या कोणत्या बाजूला कोणते देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, वस्ती कुठे झाली, आसन कुठे होते, याची ती नोंदवही आहे. मराठी गद्याच्या पहाटेचा हा ग्रंथ आहे आणि तो मुक्कामांविषयी आहे. भक्तीचा उमाळा त्यात कमी नव्हता. उमाळा होता म्हणूनच दाराची दिशा चुकू नये याची काळजी होती. भाव आणि तपशील हे एकमेकांचे वैरी आहेत, ही समजूत त्या लेखकांच्या गावीही नव्हती. ती आपली, अलीकडची, आणि बरीचशी आळसातून आलेली आहे.

पुढे या. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तरेत अडकले. त्यांचा 'माझा प्रवास' आपण इतिहासासाठी वाचतो, झाशीसाठी वाचतो. पण त्या पुस्तकाचा जीव पैशाच्या चिंतेत आहे. दक्षिणा किती मिळाली, ती कुठे लपवली, कुणी लुटली, पुढचा पल्ला कशाच्या आधारावर मारायचा! आणि शेवटी हा भिक्षुक गंगेच्या पाण्याची कावड घेऊन चालत घरी येतो आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालतो. कावड ही तिथे प्रतिमा नाही. ती जड आहे, ती सांडू द्यायची नाही, ती खांदा सोलते. पुस्तकाचा शेवट आपल्याला हलवतो तो त्या वजनामुळे.

आणि गो. नी. दांडेकर? ते तर आमच्या परतवाड्यात जन्मले. 'पूर्णामायची लेकरं' हे त्यांनीच वऱ्हाडी बोलीला दिलेले देणे. त्यांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'मागे नर्मदा-परिक्रमा उभी आहे, आणि परिक्रमा म्हणजे मनाला येईल तसे भटकणे नव्हे. नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, संचय करायचा नाही, मिळेल त्या भिक्षेवर आणि सदावर्तावर चालायचे, आणि शूलपाणीच्या झाडीत अंगावरचे वस्त्रही जाईल या तयारीने शिरायचे. हा शेकडो वर्षांच्या अनुभवातून घोटलेला प्रवासाचा आराखडाच आहे. फक्त तो नियम म्हणून सांगितला जातो. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी महिनाभर चालून पंढरपुरास पोचते. कोणत्या तिथीला कोणते गाव, हे ती निघण्यापूर्वीच गावोगाव ठाऊक असते. ज्या समाजाने शेकडो कोसांच्या पायी प्रवासाची व्यवस्था इतकी चोख लावली, त्याच्या ललित लेखकाला मात्र डब्यात काय होते हे सांगायची लाज वाटते.

ही लाज का वाटते, या प्रश्नापाशी आमची खरी तक्रार आहे. आम्हांला वाटते, ती निव्वळ सौंदर्यदृष्टीची बाब नाही. आयोजन लपवले की श्रम लपतात आणि श्रम लपले की श्रम करणारा माणूस लपतो. मेळघाटावरचे लेख काढून पाहा. सेमाडोह येते, कोलकास येते, सिपना येते. आणि मग एक 'कोरकू' येतो. त्याला क्वचितच नाव असते. तो निष्पाप असतो, अबोल असतो, त्याला वाघाचा माग दिसतो. त्याने त्या दिवशी लेखकाची पिशवी वाहिली का, वाहिली तर किती मजुरी ठरली, लेखक जेवला तेव्हा तो जेवला का, हे कळत नाही. थोरोच्या दृष्टीतही त्या काळचे पूर्वग्रह होते, ते आम्ही नाकारीत नाही. पण त्याच्या वाटाड्याला नाव आहे, मत आहे, विनोदबुद्धी आहे, आणि वाटाड्याच्या मजुरीचा दर पुस्तकात छापलेला आहे. 1990 च्या दशकात कुपोषणाने होणाऱ्या बालमृत्यूंमुळे ज्या मेळघाटाचे नाव देशभर गेले, त्या मेळघाटात चार दिवस राहून अन्नाविषयी अवाक्षर न लिहिणे ही तरलता नव्हे. त्याला दुसरा शब्द आहे आणि तो आम्ही वाचकांवर सोपवतो.

सत्तेने मात्र हा तपशील कधी गाळला नाही. डिसेंबर 1803 मध्ये गाविलगड घेण्यासाठी स्टीव्हन्सनची फौज डोंगरांच्या आतून उत्तरेच्या बाजूला आणली गेली. 7 ते 12 तारखेपर्यंत जड तोफा हातांनी ओढीत, दऱ्या ओलांडीत, वाट स्वतःच तयार करीत ती लबाड्याच्या बाजूला पोचली, आणि 15 तारखेला गड पडला. मेळघाटातली सामान वाहून नेण्याची सर्वांत काटेकोरपणे नोंदली गेलेली सफर ही आहे, आणि ती वेलस्लीच्या खलित्यांत आहे. त्याच चिखलदऱ्यावर आपला ललित लेखक जातो, कीचकाची कथा सांगतो, सूर्यास्त पाहतो. रस्ता कुणी काढला हे जिंकणाऱ्याने लिहून ठेवले. आपण संधिप्रकाश लिहिला.

अपवाद नाहीत असे नाही. मारुती चितमपल्ली मेळघाटात वनाधिकारी होते. त्यांच्या लेखनात झाडाला, पाखराला, पाणवठ्याला नाव असते, आणि ते नाव बहुधा तिथल्या माणसांकडून आलेले असते, हे ते सांगतात. 2025 मध्ये ते गेले तेव्हा 'अरण्यऋषी' हा शब्द सर्वत्र छापून आला. आम्हांला त्या शब्दाचे थोडे भय वाटते. ऋषी म्हटले की नोकरी, फेरतपासणी, रोजनिशी, चौकीवरचे शिपाई हे सारे पुसले जाते आणि उरते ती दाढी आणि तपश्चर्या. चितमपल्लींना या शब्दाने मोठे केले की सोयीचे केले, याचा विचार अभ्यासकांनी करावा.

'साहित्य म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक नव्हे' असा आक्षेप एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आमच्यापुढे तोंडी घेतला. मान्य. पण आम्ही वेळापत्रक मागत नाही. पाण्याची चिंता ही अनुभूती नाही काय? पाचव्या दिवसाचे पीठ चौथ्या दिवशी उरेल का, या विचाराने रात्री जाग येणे हा वनानुभव नाही काय? मुक्कामाची जागा निवडताना माणूस नदीला, वाऱ्याला, उताराला, गावातल्या माणसांच्या मर्जीला जितक्या बारकाईने वाचतो तितक्या बारकाईने तो चांदणे वाचीत नाही. निसर्गाशी खरी गाठ पडते ती तिथे. मेळघाटाच्या गाभ्यात तर आज मनाला येईल तिथे पाल ठोकताच येत नाही. 1974 पासून तो व्याघ्रप्रकल्प आहे, परवानगी लागते, आणि ती योग्यच आहे. बोरी, कोहा, कुंड ही गावे तिथून उठून खाली मैदानात आली. ज्या रानात लेखकाला 'मानवी स्पर्शापासून मुक्त' शांतता ऐकू येते त्या रानातल्या काही शांततेला विस्थापनाचा कागद आहे. परवान्याची रांग लिहायला घेतली असती तर हा कागद दिसला असता.

अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी हजारो तरुण गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडींत भरून रात्रभर चालत राजराजेश्वराला आणतात. काही कावडींना शेकडो भरणे असतात आणि ती पेलायला माणसांच्या रांगा लागतात. खांदा कुणी कधी बदलायचा, कुठे टेकायचे, हे सारे ठरलेले असते आणि ते ठरवणारी पोरे आपल्याच वर्गात मागच्या बाकावर बसतात. प्रवासवर्णनाचा निबंध लिहायला सांगितला की तीच पोरे 'निसर्गाच्या कुशीत' असे शीर्षक देतात, कारण ते त्यांना आपण शिकवले आहे. पुढच्या सत्रात प्रवासवर्णन शिकवताना प्रत्येक उताऱ्यावर एक प्रश्न आम्ही सक्तीचा करणार आहोत: या पानावरचे ओझे कुणी वाहिले, आणि ते तुम्हांला कुठल्या शब्दावरून कळले?

आमचा बेत मार्गशीर्षाचा आहे. पाण्यासाठी काठावरच्या गावांत आधी फिरून नळाचे वार लिहून घ्यायचे की सरळ एक बैलगाडी ठरवायची, यावर अजून एकमत झालेले नाही. गाडी ठरलीच तर गाडीवानाचे नाव आणि भाडे लेखात असेल.